पोटाशी धरलेलं माप

ओकाया गावात इसोजी कोइकेचं घर कुणीही दाखवत असे. तळ्याकडे उतरणाऱ्या गल्लीत, वाम मासे भाजणाऱ्याच्या दुकानाला लागून, दारावर पाटी नसलेलं घर. पाटीची त्याला कधी गरज वाटली नाही. ज्याची लेन्स बिघडली तो आपल्या पायानं येतो, असं तो म्हणे, आणि ते खरंही होतं. नागोयाहून, मात्सुमोतोहून माणसं यायची. माशांच्या धुरातून वाट काढत आत शिरायची, आणि बाहेर पडताना त्यांच्या लेन्समध्ये धूळ नसायची, बुरशी नसायची, काही अडकलेलं नसायचं. इसोजी हात लावील ते नीट होतं, अशी त्याची ख्याती. नीट करण्यातच त्याचं आयुष्य गेलं. आणि म्हातारपणी एका माणसानं येऊन त्या नीट करण्याला दुसराच शब्द लावला.

त्या शब्दाचं मूळ फार मागं आहे. लढाई संपून दहाएक वर्षं होत आली होती. रेशमाच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या. ज्या शेडमध्ये उकळत्या कोशांचा वास कोंडलेला असायचा तिथं भिंगं घासायची यंत्रं आली, आणि नाल्यातून लाल भुकटीचं पाणी तळ्याकडे वाहू लागलं. कोमाकुसा नावाचा कारखाना अशाच एका शेडमध्ये उभा राहिला. आमच्या डोंगरमाथ्यावर दगडगोट्यांत उगवणाऱ्या गुलाबी फुलाचं ते नाव. मालकाला त्या नावाचा भारी अभिमान. पहिल्या खेपेच्या लेन्स निघाल्या तेव्हा काचेभोवतीच्या काळ्या पट्टीवर, नावाच्या शेवटी, त्यानं तांदळाच्या दाण्याएवढं एक फूल कोरून घेतलं.

इसोजी तिथं कातयंत्रावर पितळी कड्या कातायचा. लेन्सच्या पोटात भिंगं एकामागे एक असतात, आणि दोन भिंगांच्या मध्ये एक पितळी कडी बसते. ती बाहेरून कुणाला दिसत नाही. पण भिंगांमधलं अंतर तीच राखते, आणि ते अंतर केसाच्या दहाव्या हिश्शानं जरी चुकलं तरी लेन्स भलतंच बघायला लागते. कडीची जाडी पडताळायला पितळेचा एक ठोकळा असे. त्याला सगळे माप म्हणत. माप थंड लोखंडी मेजावर ठेवायचं, तिथल्या तिथं कडी त्याच्याशी लावून बघायची आणि माप जागच्या जागी सोडायचं, असा रिवाज.

त्या हिवाळ्यात तळं असं गोठलं की बर्फाला तडा जाताना त्याची गर्जना कारखान्यात ऐकू येई. म्हातारी माणसं म्हणत, देव पलीकडच्या काठावर देवीला भेटायला निघाला. शेडमध्ये शेगडी पेटवायची सोय नव्हती, राख भिंगांवर बसते म्हणून. मापाला बोट लावलं की कातडी चिकटायची. बोटं फुटून रक्त यायला लागलं तेव्हा इसोजीनं माप उचलून पोटपट्ट्यात खोचलं. तो पट्टा तोमेनं विणून दिलेला. तोमे तेव्हा त्याची बायको झाली नव्हती. शेवटच्या उरलेल्या गिरणीत ती कोश उकलायची, आणि तुटक्या धाग्यांचं रेशीम बाहीत लपवून आणून तिनं तो पट्टा विणला होता. पोटाशी माप उबदार राही. हात झरझर चालत. कातताना इसोजी गुणगुणायचा, असं त्याच्या शेजारी बसणारे नंतर सांगत. इतक्या सुखात त्याला पुन्हा कुणी पाहिलं नाही.

ऊब मिळाली की पितळ फुगतं. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण आपल्याच पोटाची ऊब ती, तिच्यानं काय होणार, असं त्याला वाटलं.

पहिली खेप बाजारात गेली आणि तक्रारी यायला लागल्या. लेन्सचं तोंड पूर्ण उघडून फोटो काढला की दिव्याभोवती धुकं येतं, पांढऱ्या कपड्याची कड विरघळते. काच तपासली, घासकाम तपासलं. शेवटी मुकादम कातकामाकडे आला आणि म्हणाला, "माप कुठाय?"

सगळ्यांनी मेजाकडे पाहिलं. मेज रिकामं. इसोजीनं अंगरखा वर करून पोटपट्ट्यातून माप काढलं आणि पुढं केलं. मुकादमानं ते तळहातावर घेतलं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "गरम आहे."

दुसऱ्या दिवशी अंगणातला बर्फ झाडून फरशी मोकळी केली आणि न विकलेल्या फूलवाल्या लेन्स ओळीनं मांडल्या. मालकानं हातोडी इसोजीच्या हातात दिली. सगळा कारखाना उभा राहून बघत होता. शेवटची फुटली तेव्हा इसोजी त्या काचांसमोर कमरेत वाकला, आणि मालक 'पुरे' म्हणेपर्यंत वाकून राहिला. मालकानं 'पुरे' म्हणायला वेळ लावला.

त्याला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं तोमे जन्मभर म्हणत आली. त्याला दुरुस्तीच्या खोलीत बसवलं. पुढच्या खेपेपासून पट्टीवर फूल कोरणं बंद झालं, आणि फूल हा शब्द गावात टोमणा होऊन बसला. इसोजी सार्वजनिक न्हाणीघरात शिरला की वाफेतून कुणीतरी म्हणे, "पाणी निवायला लागलंय रे. इसोला आधी आत सोडा, पोट टेकवील." हसणं भिंतीला आपटून परत येई. इसोजी मान खाली घालून अंग चोळत राही.

तीन-चारशे फूलवाल्या मात्र आधीच विकल्या गेल्या होत्या, देशभर पांगल्या होत्या. इसोजीनं मनाशी धरलं, यातली एकही चुकीची राहू द्यायची नाही.

त्याच वसंतात त्याचं तोमेशी लग्न झालं. फोटो काढला मासुझावानं. हा मासुझावा स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओचा मालक, इसोजीहून थोडा मोठा, गोल तोंडाचा, जिभेला हाड नसलेला माणूस. त्याच्याकडे फूलवाली होती. फोटोत तोमेच्या पांढऱ्या शिरोवस्त्राभोवती उजेड सांडल्यासारखा दिसत होता. गिरणीतल्या उकळत्या पाण्यानं सोललेले तिचे हात दुधातून काढल्यासारखे दिसत होते.

तोमे बघतच राहिली. "अगंबाई, ही मी?"

"ही चूक आहे," इसोजी म्हणाला. "कडीची."

त्यानं फोटो त्याच्या पुठ्ठ्याच्या घडीसकट कापडात गुंडाळला आणि भिंतीतल्या कपाटात, पांघरुणांच्या मागं सारून ठेवला. तो भिंतीवर कधी लागला नाही.

मग रविवार सुरू झाले. गहाणवट्यांची दुकानं, स्टुडिओ, शाळा, कुठं फूलवाली असल्याचा सुगावा लागला की इसोजी आगगाडीनं तिथं जाई. बरोबर हत्यारांची गुंडाळी आणि कड्यांची डबी. दारात वाकून म्हणे, "आमच्या हातून चूक झाली आहे. नीट करून देतो." पैसे घेत नसे. तिथंच ओट्यावर बसून लेन्स उघडी, जाड कडी काढून बरोबर कडी बसवी, आणि नव्या कडीच्या आतल्या अंगाला सुईनं एक टिंब देई, म्हणजे झालेलं काम कळावं. काढलेली कडी परतीच्या वाटेवर, जी नदी लागेल तिच्यात.

वर्षं गेली. कारखाना दुसऱ्याच्या हाती गेला, मग बंदही पडला. जाताना इसोजीनं ते पितळी माप मागून घेतलं. ते द्यायला कुणाची ना नव्हती. रविवार मात्र चालूच राहिले. तोमेला घेऊन तो कधी गरम झऱ्यावर गेला नाही, बहर बघायला गेला नाही, पलीकडच्या काठावरच्या तिच्या माहेरीसुद्धा बरोबर म्हणून गेला नाही.

"आज कुठल्या फूलवालीकडे?" डबा बांधून देताना तोमे विचारी. शेजारणींच्या देखत विचारी. आधी शेजारणी हसत. नंतर हसेनाशा झाल्या.

एक फूलवाली मात्र गावात असून हाती लागत नव्हती. मासुझावाची.

"दे रे ती," नव्या वर्षाच्या भेटीला इसोजी दरवेळी म्हणायचा. "किती वेळाचं काम आहे!"

"ए इसो, तुझी बोटं माझ्या लेन्सपासून लांब ठेव. या गावातल्या नवऱ्या मी सुंदर केल्यात."

"खोट्या केल्यास."

"खऱ्या कशा होत्या ते त्यांच्या सासवांना विचार." मासुझावा त्याच्या पेल्यात साके ओतायचा. "अरे, तुझ्या हातून जन्मात एक सुंदर गोष्ट झाली, तीही चुकून. आणि तीच पुसत गावोगाव फिरतोस, गाढवा!"

इसोजी येणार कळलं की तो खरोखरच लेन्स लपवायचा. एकदा तर तांदळाच्या पेटीत पुरून ठेवली होती. हा त्या दोघांचा जुना खेळ आहे, असं गाव समजत होतं. इसोजीला तो खेळ नव्हता.

एका शरदात मासुझावाला झटका आला आणि त्याला इस्पितळात नेलं. स्टुडिओत त्याची सून एकटीच होती. इसोजी तिच्यापुढं वाकला आणि म्हणाला, "त्यांची लेन्स साफ करून ठेवतो. बरे होऊन येतील तेव्हा तयार असेल." सगळ्या गावाचा भरवशाचा कारागीर. सुनेनं दोन्ही हातांनी लेन्स आणून दिली, वर आभारही मानले.

त्या दिवशी जेवताना इसोजीच्या तोंडावर हसू होतं. तोमेला नवल वाटलं.

"शेवटची झाली," तो म्हणाला. "माझ्या माहितीतली शेवटची. संपलं."

तोमेनं हातातली वाटी खाली ठेवली. "कुणाची?"

तो भात खात राहिला. तिला कळायचं ते कळलं.

मासुझावा काठी टेकत घरी आला. पुढं एका नवरीचा फोटो काढला, आणि तो फोटो घेऊन इसोजीच्या दारात उभा राहिला. चपला काढल्या नाहीत, आत आला नाही. जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"हिचा प्रत्येक तीळ आलाय," तो म्हणाला. "कांजण्यांचा प्रत्येक व्रण. ती रडली रे, इसो. लग्नाचा फोटो बघून रडली."

"आता लेन्स खरं बघते," इसोजी म्हणाला.

"माझा डोळा काढून नेलास आणि तिथं तुझा बसवलास." एवढं बोलून तो वळला. गल्ली चढताना दोनदा थांबला, पण मागं पाहिलं नाही.

त्यानंतर त्या स्टुडिओत ओळखपत्रांपुरते फोटो निघत. दोघं रस्त्यात समोर आले तर मासुझावा काठी पलीकडच्या हातात घेई आणि दुकानांकडे बघत जाई. तो गेला तेव्हा इसोजीनं जाऊन उदबत्ती लावली, वाकला आणि घरी आला. तोमे रीतीप्रमाणे गल्लीतल्या बायकांबरोबर स्वयंपाकाला थांबली, आणि दुसऱ्या दिवशी स्मशानाकडे गाडी निघेपर्यंत तिथंच राहिली.

मासुझावाचं सगळं लोकांच्या विस्मरणात गेल्यावर, वळचणीला तेंदूफळं वाळत घातली होती अशा एका दुपारी, टोकियोहून सारुवातारी नावाचा माणूस आला. जुन्या लेन्स जमवणारा आणि विकणारा. आवाज मऊ, हातांत पांढरे हातमोजे. मिठाईचा डबा पुढं करून तो इतका वाकला की त्याचं कपाळ चटईला टेकलं. त्याच्या तोंडी सारखं 'सेन्सेई, सेन्सेई', म्हणजे गुरुजी. इसोजीला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. तोमेनं चहा आणि मुरवलेली पालेभाजी आणून ठेवली आणि तिथंच बसली.

"फूलवालीसाठी लोक वेडे झालेत, सेन्सेई," सारुवातारी म्हणाला. "आपल्याकडे, परदेशात. तिच्या धुक्यासाठी. तसं धुकं दुसऱ्या कुठल्या लेन्सला नाही. पण धुकंवाली मिळतच नाही! पट्टीवर फूल दिसतं, हातात घेतो, उघडतो, तर आत टिंब. टिंबवालीला कुणी विचारत नाही."

त्यानं लाकडी पेटीतून एक लेन्स काढून मखमलीवर ठेवली. इसोजीनं ती हातात न घेता ओळखली. कडेला एक जुना पोचा होता, तांदळाच्या पेटीच्या झाकणाचा.

"ही मासुझावांच्या घरातून आली. जन्मभर एकाच माणसाच्या हातात. तो कुणाला हात लावू देत नसे म्हणतात. हिच्यात जुनीच कडी असणार. पण उघडून बघायचा मला धीर होत नाही. तुम्ही त्या कारखान्यातले. तुम्ही नुसती मान हलवलीत तरी आमच्या धंद्यात ते पुरेल."

तोमेनं ओतायला घेतलेला चहा हातातच राहिला. ती नवऱ्याकडे बघत होती. नुसती मान हलवायची होती.

"ही नीट केलेली आहे," इसोजी म्हणाला.

"कुणी?"

"मी."

सारुवातारी पुढं सरकला. "आणि त्या बाकीच्या? टिंबवाल्या?"

"सगळ्या मीच."

त्या माणसानं मोजे काढले, एकावर एक ठेवले. आवाज तसाच मऊ होता. "म्हणजे सगळ्या तुम्हीच नासवल्यात."

बाहेर वाम भाजणाऱ्यानं पंखा हलवला आणि धूर आत आला.

जाताना सारुवातारी दारात घुटमळला. "एक सुचतंय, सेन्सेई. ती चुकलेली कडी तुमच्या हातची. आता पुन्हा तशीच तुमच्याच हातानं झाली, तर तिला नकली कोण म्हणेल? लेन्स असू द्या तुमच्याकडे. मी वसंतात येतो." इसोजी नको म्हणायच्या आत तो गल्लीत उतरला होता.

"करा की," तोमे कप उचलता उचलता म्हणाली. "जन्मात एकदा कुणीतरी तुमची चूक मागायला आलंय."

तो शब्द इसोजीच्या अंगात काट्यासारखा मोडून राहिला. नासवल्या. तो बाजारात जाताना मनात म्हणे, नीट केल्या. परतताना तोच मनातला आवाज म्हणे, नासवल्या. शेवटी त्याला वाटलं, मासुझावाला काय दिसत होतं ते आपण एकदा तरी बघावं. बघू आणि मग ठरवू, दोन्हींतला कुठला शब्द आपला.

हिवाळा आला. तळं आता पूर्वीसारखं गोठत नाही. काठाशी पापुद्रा धरतो आणि दुपारी विरघळतो. इसोजीनं मागच्या खोलीची खिडकी उघडी टाकली, लहान कातयंत्राची धूळ झाडली आणि तोमेकडे पोटपट्टा मागितला. तिनं पेटीतून काढून दिला. कसरीनं त्याची जाळी झाली होती. त्यात माप खोचून तो बसून राहिला, मग काढून गालाला लावलं. गारच. पुन्हा खोचलं, वरून दोन अंगरखे घातले. म्हाताऱ्या पोटाला ती ऊब राहिली नव्हती. कड्या कातल्या त्या एकजात बरोबर निघाल्या.

मग त्यानं मुद्दाम जाड कातून बघितल्या. पण किती जाड? आपण किती चुकलो होतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. चुकीचं माप कुणी जपून ठेवत नाही. जुन्या कड्या तर त्यानं स्वतःच्या हातानं नद्यांत टाकलेल्या. मासुझावाच्या लेन्समध्ये एक कडी घालून तोमेला खिडकीशी बसवून फोटो काढला, तर तोंडावर नुसती साय आली. दुसरी घातली, तर प्रत्येक सुरकुती मोजून घ्यावी अशी.

"मला काय मेल्यासारखं दाखवताय," फोटो बघून तोमे म्हणाली.

तेव्हा त्याला लग्नाचा फोटो आठवला. तो समोर ठेवला की धुकं किती होतं ते कळेल, आणि त्यावरून कडी गाठता येईल. त्यानं कपाटातली पांघरुणं बाहेर ओढली. कापड होतं, त्याच्या हातची गाठ मात्र नव्हती. पुठ्ठ्याची घडी उघडली. आत फोटोचे चार कोपरे अडकवायच्या चिरा होत्या, आणि मध्ये न उडालेल्या रंगाचा एक चौकोन.

"तोमे! फोटो कुठाय?"

तोमे स्वयंपाकघरात मुळा चिरत होती. "जळाला."

"कधी?"

"मासुझावांबरोबर. शवपेटीत ठेवला मी, त्यांच्या हाताखाली. त्या लेन्सनं काढलेला एक तरी फोटो बरोबर द्या, असं सुनेला सांगून ठेवलं होतं त्यांनी. त्यांच्या घरात एक सापडेना. ज्यांचे फोटो त्यांच्या घरी गेलेले. मग मी आपला नेऊन दिला."

"त्याला जाऊन किती वर्षं झाली!"

"झाली की. तुम्हाला तो आज लागला."

इसोजी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. "जिवंत माणसांचा फोटो पेटीत घालत नाहीत, तोमे. मेलेला त्यांना ओढून नेतो."

"बायकांनी सांगितलं की. हात धरला माझा दोघींनी."

"त्यात मीही होतो."

"होतात." सुरी थांबली नाही. "म्हटलं, नेऊ दे. त्या फोटोतली दोघं तरी कुठंतरी बरोबर जातील."

इसोजी मागच्या खोलीत गेला. खिडकी लावून घेतली. मासुझावाच्या लेन्समधून करून बघितलेली कडी काढली आणि आपलीच जुनी, टिंब दिलेली कडी परत बसवली. लेन्स पुसली, पेटीत ठेवली.

वसंतात सारुवातारी आला. इसोजीनं पेटी त्याच्यापुढं सरकवली आणि म्हणाला, "जमलं नाही." सारुवातारीनं हळहळ बोलून दाखवली, टिंबवाली म्हणूनच विकावी लागेल म्हणाला, आणि या खेपेला सेन्सेई म्हणायचं विसरला. इसोजी त्याला पोचवायला दारापर्यंत आला आणि कमरेत वाकला. ही आपल्याला दिलेली आदरखूण, असं समजून पाहुणा दोनदा मागं वळून वाकला. मग गल्ली चढून दिसेनासा झाला.

इसोजी वाकलेलाच होता. 'पुरे' म्हणायला तिथं कुणी नव्हतं. तोमे आत भांडी घासत होती.